चिखलातला पॉवर टिलर

वार्षिक अंकासाठी साहित्य द्यावे, अशी सूचना फलकावर लागली तेव्हा आमच्या वर्गातल्या बहुतेकांनी कविता दिल्या. मी टिलरवर लिहिणार आहे असे सांगितले, तर संपादक मंडळातल्या एका मैत्रिणीने विचारले, "टिलर की थ्रिलर?" तेव्हा प्रथम खुलासा केलेला बरा. टिलर म्हणजे पॉवर टिलर. दोन मुठी हाती धरून, मागून चालत हाकायचे, डिझेलवर चालणारे नांगरणीचे छोटे यंत्र. ज्यांनी ते जवळून पाहिलेले नाही त्यांनी पावसाळ्यात कसारा लोकलने जावे. टिटवाळा सुटले की खिडकीतून भाताची खाचरे दिसू लागतात, आणि त्यांत कुठेतरी एक माणूस गुडघाभर चिखलात, धूर सोडणाऱ्या एका लाल किंवा निळ्या यंत्रामागे चालत असतो. मागे बगळ्यांची रांग. ती पूर्वी बैलांमागे असे.

आमचे गाव कल्याण-मुरबाड रस्त्यावर, रायत्याचा पूल ओलांडल्यावर आत जाणाऱ्या एका फाट्यावर आहे. रोज एस.टी.ने कल्याणला उतरून मी कॉलेजात येते. आमच्या घरी बैल होते, ते माझ्या लहानपणीच गेले. वर्षाचे अकरा महिने त्यांना सांभाळायचे आणि राबवायचे जेमतेम एक महिना, हा हिशोब जमेना. शिवाय गुरे राखायला पोरे उरली नाहीत. ती सारी शाळेत, नाहीतर डोंबिवलीच्या कारखान्यांत. बैल गेले आणि भाड्याचा टिलर आला. आमच्याच नव्हे, कल्याण, अंबरनाथ, शहापूर, मुरबाड या तालुक्यांतल्या पुष्कळ घरांची हीच कथा आहे. एवढ्याएवढ्या खाचरांत, बांधाबांधांतून मोठा ट्रॅक्टर वळत नाही, टिलर वळतो.

भातशेती न केलेल्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. लावणीपूर्वी खाचरात पाणी कोंडून जमीन ढवळून तिचा लोण्यासारखा चिखल करतात, त्याला चिखलणी म्हणतात. चिखलाचा बारीक गाळ खाली बसून थर धरतो, त्यामुळे पाणी झिरपून जात नाही. तण गाडले जाते. आणि रोपाची मुळे न दुखावता रोवता येतात. राबातले रोप 21 ते 25 दिवसांचे झाले की त्याला फार थांबवता येत नाही. म्हणजे पाऊस आला, रोप तयार झाले, की सगळ्या गावाला एकाच आठवड्यात चिखलणी हवी असते. टिलर मात्र गावात दोन किंवा तीन. ही घाई लक्षात ठेवावी. पुढे जे सांगायचे आहे त्याचे मूळ तिच्यात आहे.

आता जरा लांबचा फेरा घेते. माझ्या आत्याची मुलगी लग्नानंतर कॅनडात टोरोंटोजवळ राहते. गेल्या हिवाळ्यात तिने घरासमोरचा बर्फ काढतानाचा व्हिडिओ पाठवला. तिकडे त्यासाठी स्नो थ्रोअर नावाचे यंत्र असते. तेही मागून चालत, दोन मुठी धरूनच चालवायचे. पुढे एक मळसूत्री पाते फिरते, ते बर्फ आत ओढते. आतला पंखा तो बर्फ नळकांड्यातून बाजूला भिरकावतो. काकाने तो व्हिडिओ दोनदा पाहिला आणि म्हणाला, "हे तं आपलंच मशीन. माती पाठी टाकायच्या बदली बरफ बाजूला टाकतंय." काकाचे म्हणणे अगदीच वावगे नव्हते. क्वेबेकच्या आर्तूर सिकार नावाच्या माणसाने 1925 मध्ये बर्फ फेकणारे यंत्र तयार केले. शेतातले मळणी यंत्र पाहून त्याला ती कल्पना सुचली, असे सांगतात. त्याचे यंत्र मोटारीवर बसवलेले होते, हाती धरून चालवायची यंत्रे नंतर आली. शेतातून निघालेली ही कल्पना बर्फात फिरून व्हिडिओमधून पुन्हा आमच्या ओटीवर आली, याची मला गंमत वाटली.

त्या व्हिडिओत ताईने आणखी दोन गोष्टी दाखवल्या. एक म्हणजे मुठीवरची दाबपट्टी. ती दाबून धरली तरच पाते फिरते. हात सुटला की पाते थांबते. दुसरी म्हणजे यंत्रालाच अडकवलेली प्लॅस्टिकची एक काठी. नळकांड्यात बर्फ तुंबला तर तो हाताने नव्हे, या काठीने काढायचा, आणि तोही इंजिन बंद करून. कारण तुंबलेल्या पंख्यात ताण साठून राहतो. इंजिन बंद असले तरी अडथळा निघताच पंखा झटका देऊन फिरू शकतो, आणि तेवढ्यात बोटे जातात. तिकडे दर हिवाळ्यात हाताचे डॉक्टर हे बजावून सांगतात, तरी दर हिवाळ्यात माणसे हात घालतातच, असे ताई म्हणाली. व्हिडिओ संपल्यावर काका काही बोलला नाही. त्याच्या डाव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट नाही. ती कशी गेली ते पुढे येईलच. आधी यंत्राची ओळख करून देते.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या लहान लहान भातखाचरांत ही यंत्रे रुळली. आपल्याकडे बंगळूरची व्हीएसटी कंपनी 1967 मध्ये मित्सुबिशीच्या सहकार्याने, आणि केरळ सरकारची काम्को 1973 मध्ये कुबोटाच्या तंत्रावर टिलर बनवू लागली. आमच्याकडे चालतो त्या जातीच्या टिलरचे इंजिन एका सिलिंडरचे, 12-13 अश्वशक्तीचे. सारे वजन चार क्विंटलांच्या आसपास. इंजिनाची शक्ती पट्ट्यांवरून क्लचकडे, तिथून गिअरपेटीत, आणि तिथून एक वाट चाकांकडे व दुसरी मागच्या रोटरीकडे जाते. रोटरी म्हणजे आडवा दांडा व त्यावर बसवलेली वाकडी पाती. ती चालकाच्या पायांपासून एका पावलावर फिरत असतात. मिनिटाला नुसते 200 फेरे धरले, तरी सेकंदाला तीनाहून अधिक होतात. "पटकन हात काढून घेईन" असे म्हणणाऱ्याने हे गणित एकदा करून पाहावे.

हंगामापूर्वीची जोडणी आमच्याकडे मृग लागण्याच्या आधी होते. इंजिनातले आणि गिअरपेटीतले तेल पाहायचे, तेही यंत्र सपाट जागी उभे करून. नाहीतर पट्टी खोटे सांगते. हवा गाळणारे भांडे उघडून त्यातले जुने तेल काढून नवे घालायचे. डिझेल गाळूनच ओतायचे. पट्टा मधोमध अंगठ्याने दाबला तर एक-दोन सेंटिमीटर दबावा. फार ढिला असेल तर घसरतो, फार ताणला तर बेअरिंग खातो. पात्यांचे नटबोल्ट एकेक करून आवळायचे. पाती डावी-उजवी अशी दोन प्रकारची असतात. धार फिरण्याच्या दिशेने यावी आणि वाक योग्य बाजूला असावा. उलटसुलट बसली तर यंत्र थरथरते आणि माती एकाच बाजूला लोटली जाते. पहिल्या वर्षी मी दोन पाती उलटी बसवली होती. यंत्र खेकड्यासारखे तिरपे चालू लागले तेव्हा कळले.

चिखलासाठी रबरी चाके काढून लोखंडी पिंजऱ्याची चाके लावतात. हे काम एकट्याने करू नये. यंत्र घट्ट जमिनीवर घ्यावे, खाली लाकडी ओंडके द्यावेत, मगच चाक काढावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रोटरीवरचा पत्रा आणि पट्ट्यावरची जाळी जागच्या जागी आहे ना, ते पाहावे. चिखल अडकतो म्हणून पुष्कळजण पत्रा काढून ठेवतात. तो काढलेला टिलर दुसऱ्याच्या शेतात दिसला तर लांबून जावे, असे माझे मत आहे.

इंजिन सुरू करण्याची रीत नीट शिकून घ्यावी लागते. आता बटणावर सुरू होणारे टिलरही मिळतात. आमचा हँडल मारायचा आहे. आधी क्लच सुटा, गिअर आणि रोटरी दोन्ही मोकळी. डाव्या हाताने दाब सोडायची कळ धरायची, उजव्या हाताने हँडल फिरवून वेग आणायचा, मग कळ सोडायची. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवावा, मुठीभोवती वेढू नये. इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा मोडतो. इंजिन लागल्यावरही हँडल हातातून सोडायचे नाही, धरूनच बाहेर काढायचे. सुटलेले हँडल कुठे जाऊन लागेल ते सांगता येत नाही. पाऊस आहे म्हणून बंद गोठ्यात इंजिन तापवत ठेवणे हाही एक मूर्खपणा आहे. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. माणसाला नुसती झोप येते, आणि ती झोप मोडत नाही.

शेतात उतरल्यावर पहिली अडचण बांधाची. बांध नेहमी काटकोनात, रोटरी बंद ठेवून, सावकाश ओलांडावा. तिरपे घातले तर यंत्र कलंडते. वळण्यासाठी मुठींखाली दोन छोटे क्लच असतात: डावा दाबला की डाव्या चाकाची शक्ती सुटते आणि यंत्र डावीकडे वळते. पण उतारावर हेच उलटे होते! सुटे झालेले डावे चाक उतारावर अधिक वेगाने पळते आणि यंत्र उजवीकडे जाते. नवशिके इथेच गोंधळतात. उतारावर ते क्लच वापरूच नयेत, मुठी ढकलून वळवावे, असे मला शिकवण्यात आले आणि ते खरे आहे.

दुसरी अडचण मागे घेण्याची. रिव्हर्स टाकताच मुठी वर उचलल्या जातात आणि चार क्विंटलांचे यंत्र आपल्याच अंगावर येते. पाठीशी बांध असेल तर पळायला जागा नाही. रोटरी फिरत असताना रिव्हर्स पडू नये अशी अडकण पुष्कळ यंत्रांत असते. ती मोडली असेल तर दुरुस्त होईपर्यंत यंत्र घरी ठेवावे. मागे पाहावे, वेग कमी करावा, मुठी खाली दाबून धराव्यात.

आणि तिसरी अडचण पोरांची. चिखलणी सुरू झाली की खेकडे आणि मासे वर येतात, आणि गावची पोरे डबे घेऊन टिलरच्या मागे धावतात. मीही धावले आहे. बगळ्यांना जे कळते ते पोरांना कळत नाही. आमच्याकडे आता नियम आहे: खाचरात पोर उतरले की इंजिन बंद. पोरे कंटाळून स्वतःच बांधावर बसतात. कपड्यांचे सांगायलाच नको. ओढणी घरी, सदरा आत खोचलेला. चिखलात बूट रुततात म्हणून सगळे अनवाणी चालतात, तेव्हा पावले लहान टाकावीत आणि रोटरीच्या पत्र्यावर पाय कधीही देऊ नये.

आता काकाची गोष्ट. जुलै 2021. दुसऱ्या गावचा भाड्याचा टिलर आमच्या शेतात होता, भाडे तासावर. पुढे आणखी दोन घरे वाट पाहत उभी होती आणि आभाळ भरून आले होते. रोटरीत खताच्या गोणीचा नायलॉन गुंडाळला गेला. चालकाने क्लच सोडवला, पाती थांबली, पण इंजिन चालूच राहिले आणि रोटरी गिअरमध्येच राहिली. बंद करून पुन्हा हँडल मारायचे म्हणजे पाच मिनिटे जाणार, आणि ती पाच मिनिटे आमच्या पैशाची. "राहू दे चालू, मी काढतो," असे काकाच म्हणाला. पत्रा काढलेलाच होता. उजव्या हातात कोयता होता म्हणून त्याने डावा हात घातला. चालक काय अडकले आहे ते पाहायला मुठींवर वाकला. क्लचच्या दांड्याची खाच झिजलेली होती. त्याच्या पोटाचा धक्का लागला आणि दांडा पुढे सरकला.

मी बांधावर रोपांच्या जुड्या देत उभी होते. काका ओरडला नाही. त्याने हात वर धरला आणि आमच्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू चूक आमच्यापैकी कुणाची तरी असावी आणि ती कुणाची ते त्याला कळत नसावे. टॉवेल बांधून जीपने कल्याणला नेले. तिथे डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "बोटे आणलीत का?" आम्ही एकमेकांकडे पाहिले. बोटे खाचरातच राहिली होती. ती शोधायची असतात हेच आम्हांला ठाऊक नव्हते. म्हणून इथे लिहून ठेवते: जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात उंच धरावा, तुटलेला भाग मिळाला तर ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत घालावा, पिशवीचे तोंड बांधावे आणि ती पिशवी दुसऱ्या बर्फाच्या पिशवीत ठेवावी. तो भाग थेट बर्फात कधीही ठेवू नये. धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे, कारण शेतातला चिखल तो चिखलच. आमच्या बाबतीत चिखलातून निघालेली बोटे जोडता आली असती की नाही कोण जाणे. पण आणली असती, तर निदान तो प्रश्न आजही घरात घुमत राहिला नसता.

2024 च्या लोकसभा निवडणुकीत मतदान केंद्रावर शाई लावणाऱ्या बाईंनी काकाचा डावा हात पुढे घेतला आणि क्षणभर थांबल्या. मग त्यांनी अनामिकेला शाई लावली. तर्जनी नसेल तर त्याच हाताच्या दुसऱ्या बोटाला लावावी, असा नियमच आहे. काका घरी येऊन हसत सांगत होता. काकू हसली नाही.

राज्यशास्त्राच्या तासाला कायद्यांविषयी ऐकताना मी सरांना विचारले होते की, अशा यंत्रांसाठी काही कायदा आहे का. शोधल्यावर सापडले की संसदेने 1983 मध्ये धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला. त्यात शेतीतल्या मळणी यंत्राचे नाव घेतले आहे; यंत्र कसे असावे आणि त्यावर काम करताना हात गेला तर भरपाई कशी मिळावी, हे त्यात सांगितले आहे. मळणी यंत्रांनी त्या काळात इतके हात घेतले होते की संसदेला त्यांची दखल घ्यावी लागली. इतर यंत्रे सरकारने त्यात घालावीत, अशीही तरतूद आहे. पण आमच्या खाचरात त्या दिवशी कायदा असता तरी तो घड्याळाकडेच पाहत उभा राहिला असता, असे मला वाटते. त्या दिवशी कुणीही अडाणी नव्हते. चालकाला यंत्र माहीत होते, काकालाही माहीत होते. तासाचे भाडे चालू होते, एवढेच. यंत्र चालवायला सगळे शिकवतात. मध्येच थांबवण्याचा खर्च कुणी उचलायचा, हे मात्र ठरलेले नसते.

2023 मध्ये आमच्या तीन घरांनी मिळून, सरकारी अनुदानासाठी अर्ज करून, स्वतःचा टिलर घेतला. शेजाऱ्यांकडेही तो भाड्याने जातो. तेव्हा काकाने एकच अट घातली: भाडे इंजिन चालू असेल त्या वेळेचेच घ्यायचे. अडकले, साफ केले, पोरे उतरली, बांध फुटला, यांतला कोणताही थांबा हिशोबात धरायचा नाही. बाबांना ती अट घाट्याची वाटली, आजही वाटते. वहीत दोन रकाने आहेत, 'चालू' आणि 'बंद', आणि ती वही मी सांभाळते. टोरोंटोची काठी पाहिल्यावर काकाने लोहाराकडून हातभर लांबीची एक लोखंडी आकडी करून घेतली आणि मुठीच्या नळीला सायकलच्या ट्यूबने बांधली. रोटरीत काही अडकले की क्रम ठरलेला: क्लच सुटा, रोटरी मोकळी, इंजिन बंद, पाती पूर्ण थांबलेली डोळ्यांनी पाहायची, मग आकडी. हात तरीही नाही.

यंदा मी पहिल्यांदा सबंध खाचर एकटीने केले. वळणे वाकडी आली, दोन कोपरे सुटले, ते काकाने फावड्याने केले. दुपारी शेजारच्या शेतात आमचे यंत्र गेले तेव्हा तिथला मालक तिसऱ्यांदा इंजिन बंद झालेले पाहून वैतागला. "पोरी, असं दर घडीला बंद करशील तर आवणी दिवाळीत होईल आमची," असे तो म्हणाला. मी त्याला वही दाखवली. त्याने 'बंद'चा रकाना वाचला, काकाकडे पाहिले आणि आकडी सोडवून माझ्या हातात दिली. गवताचा गुंता निघेपर्यंत तो बांधावर बसून राहिला. इंजिन थांबलेले असल्यामुळे राबाच्या बाजूने बेडकांचा आवाज येत होता.